चिखलाचं वेळापत्रक

रे रोड स्थानकाच्या लोखंडी कामात ‘जीआयपीआर १९१०’ ही अक्षरं अजून दिसतात. त्या वर्षीच्या डिसेंबरात कुर्ल्याहून रे रोडपर्यंत हार्बरची गाडी सुरू झाली. गोदीचा माल वाहणाऱ्या, दारूखान्याच्या भंगारावर आणि लकडी बंदर, कोळसा बंदर, हे बंदर अशा नावांवर जगणाऱ्या या भागात निसर्ग शिकवायचा तर कुठे, असा प्रश्न शिक्षकांना पडतो. मग सहल निघते ती चालत जाता येईल अशा भायखळ्याच्या राणीच्या बागेत, नाहीतर बस ठरवून बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात. पण रे रोडहून कुर्ल्याच्या दिशेने गाडीत बसलं की आधी कॉटन ग्रीन येतं आणि त्याच्या पुढचं स्थानक शिवडी. शिवडीच्या पूर्वेला ओहोटीच्या वेळी उघडा पडणारा चिखल आहे, आणि साधारण नोव्हेंबर ते मे या काळात त्या चिखलात हजारो रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो, मान खाली घालून चरत असतात.

शाळेच्या गटांसाठी निसर्गशिक्षणाचे कार्यक्रम कसे चालवावेत, हे समजून घ्यायला मुंबईत याहून चांगली जागा मला दिसत नाही. पक्षी देखणे आहेत हे कारण दुय्यम. इथे आलेल्या गटाला पहिली अट मान्य करावी लागते ती खाडीची: इथला तास शाळेची घंटा ठरवत नाही, भरती-ओहोटी ठरवते. ज्या कार्यक्रमाने ही अट पाळली तो कार्यक्रम शिकवतो. ज्याने पाळली नाही त्याची सहल होते.

मुलांना निसर्ग दाखवण्यासाठी पगारी माणूस नेमायची कल्पना मुंबईत जुनी आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली स्थापन झाली. तिच्या संग्रहातून तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये निसर्ग विभाग उभा राहिला, आणि १९२६ साली तिथे गाइड-लेक्चरर म्हणून एका तरुणाची नेमणूक झाली. तो तरुण म्हणजे सलीम अली. भारतातला सर्वांत मोठा पक्षितज्ज्ञ आपल्या उमेदवारीच्या काळात काचेच्या कपाटांपुढे उभा राहून लोकांना प्राणी-पक्षी समजावून सांगत होता, ही गोष्ट निसर्गशिक्षण हे दुय्यम दर्जाचं काम मानणाऱ्यांनी लक्षात ठेवावी.

काचेआडचा पक्षी मात्र हलत नाही. त्याला भूक नसते आणि त्याच्या पायाखालचा चिखल रंगवलेला असतो. म्हणून पुढे कार्यक्रम मैदानात आले. सोसायटीचं गोरेगावचं संवर्धन शिक्षण केंद्र राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे. धारावीला लागून मिठी नदीच्या काठी कचऱ्याच्या जुन्या डेपोवर झाडं लावून सदतीस एकरांचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभं राहिलं आणि १९९४ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. ऐरोलीला कांदळवन कक्षाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र २०१७ पासून आहे. तिथून खाडीत बोट जाते, आणि तिच्या फेरीची वेळ रोज बदलते, कारण पाणी रोज वेगळ्या वेळी चढतं. तिथे आधी भरतीचा तक्ता पाहिला जातो आणि मग गटाला वेळ दिली जाते. प्रत्येक शाळेने नेमकं हेच शिकायला हवं.

कायद्याच्या बाजूने पाहिलं तर सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ साली पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करायला सांगितलं, आणि २००३ मध्ये त्याची अंमलबजावणी पुन्हा बजावली. आपल्याकडे प्राथमिक वर्गांत ‘परिसर अभ्यास’ हे पुस्तक आहेच. पुस्तकाच्या नावातला परिसर रे रोडच्या मुलाला दोन स्थानकांवर सापडतो. फक्त तिथे योग्य तिथीला पोचायला हवं.

तिथी हा शब्द मी मुद्दाम वापरला. चंद्रामुळे भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. कोकणात आणि मुंबईच्या कोळीवाड्यांत त्यासाठी एक जुना हिशेब आहे: तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, जे उत्तर येईल त्या वाजण्याच्या सुमाराला पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास. दिवसातून दोनदा. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून मुलांना घेऊन जाताना छापील तक्ता बघायचाच. पण पाचवीच्या वर्गात हा हिशेब फळ्यावर मांडला की अपूर्णांकांचा गुणाकार, चंद्राच्या कला, पंचांग आणि समुद्र हे सगळं एका तासात एकत्र येतं. ज्यांच्या घरात कोणी बोटीवर जातं ती मुलं हा हिशेब आधीच जाणतात. उधाण (मोठी भरती) कधी, भांग (लहान भरती) कधी, हे त्यांना विचारावं. वर्गात एरवी मागे बसणारा मुलगा त्या दिवशी शिकवणारा होतो.

शिवडीच्या जेट्टीवर उभं राहून पाहायचं तर या हिशेबाचा उपयोग असा होतो. पूर्ण ओहोटीला चिखल दूरवर उघडा पडतो, पक्षी पाण्याच्या कडेकडेने लांब जातात आणि मुलांना क्षितिजावर एक गुलाबी रेघ तेवढी दिसते. पूर्ण भरतीला चिखलच उरत नाही. पक्षी दुसरीकडे विसाव्याला जातात. मधली वेळ उत्तम. पाणी चढत असताना ते पक्ष्यांना हळूहळू किनाऱ्याकडे ढकलत आणतं. त्यामुळे सकाळच्या शाळेसाठी पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचे दिवस चांगले. त्या दिवसांत भरती दुपारी पूर्ण होते, म्हणजे आठ ते दहाच्या दरम्यान पाणी चढत असतं. दुपारच्या शाळेने षष्ठी-सप्तमीच्या सुमाराचा दिवस घ्यावा. सहलीची तारीख वार्षिक नियोजनात जूनमध्येच लिहायची असते. तेव्हा समोर दिनदर्शिका असतेच; तिच्यावर तिथ्याही छापलेल्या असतात.

आता चिखलाकडे येऊ. बहुतेक कार्यक्रम फ्लेमिंगोवर सुरू होतात आणि फ्लेमिंगोवरच संपतात. माझ्या मते क्रम उलटा हवा. आधी चिखल, मग बारीकसारीक पक्षी, आणि रोहित सगळ्यात शेवटी. चिखल कळला नाही तर रोहित ही फक्त रंगीत वस्तू राहते.

खाडीचा चिखल हा नद्या-नाल्यांनी आणलेला बारीक गाळ. त्यावर दिवसातून दोनदा खारं पाणी येतं आणि जातं. उन्हात उघड्या पडलेल्या त्याच्या पातळ थरात डोळ्यांना न दिसणारी शैवालं वाढतात. थराच्या खाली किडे, शिंपले, बारीक कोळंबीसारखे जीव बिळं करून राहतात. काठाच्या चिखलावर निवटी दिसते. हा मासा पाण्याबाहेर परांवर रेटा देत सरकतो, आणि ओल्या त्वचेतून व तोंडाच्या आतल्या भागातून हवेतला प्राणवायू घेतो. ‘मासा पाण्याबाहेर मरतो’ हे वाक्य पाठ केलेल्या मुलासमोर निवटीने उडी मारली की पुढचं व्याख्यान आपोआप सोपं होतं. तिच्या शेजारी एक नांगी अंगापेक्षा मोठी असलेले छोटे खेकडे असतात. मोठी नांगी फक्त नराला असते. ती हलवून तो मादीला बोलावतो आणि दुसऱ्या नराला धमकावतो.

काठावर तिवर. ठाण्याच्या खाडीत कांदळवनातलं सर्वांत जास्त आढळणारं हे झाड. चिखलात हवा खेळत नाही, म्हणून त्याची मुळं जमिनीतून वर येऊन श्वास घेतात. खाऱ्या पाण्यातलं जास्तीचं मीठ ते पानांवाटे बाहेर टाकतं. पान उन्हाकडे धरलं तर मिठाचे कण चमकताना दिसतात. महाराष्ट्राने २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवन वृक्षाचा दर्जा दिला. असं करणारं हे पहिलं राज्य. आंबा राज्यवृक्ष असल्याचं सर्वांना ठाऊक असतं, चिप्पीचं नाव मुलांना जेट्टीवरच पहिल्यांदा कळतं.

मग येतात चिखलातले छोटे पक्षी, आणि एका उत्तम कार्यक्रमाचा गाभा माझ्या दृष्टीने इथे आहे. चिखल्या, तुतवार, टिलवा, पाणटिवळा. एकाच चिखलात इतके पक्षी भांडण न करता कसे जेवतात? उत्तर त्यांच्या चोचीत आहे. चिखल्याची चोच आखूड असते, तो वरवरचं टिपतो. तुतवाराची मध्यम. पाणटिवळ्याची लांबलचक, ती खोल बिळातला किडा ओढून काढते. सहलीच्या आदल्या दिवशी शाळेत एका घमेल्यात ओली माती भरावी, तीन खोलींवर मणी पुरावेत आणि तीन मुलांना आखूड, मध्यम आणि लांब चिमटे द्यावेत. कोणाला कुठले मणी मिळतात हे प्रत्येकाने मोजावं. दुसऱ्या दिवशी दुर्बिणीतून पाणटिवळ्याची चोच डोळ्यांपर्यंत चिखलात गेलेली दिसते तेव्हा त्या मुलाला ती आपल्याच हातातल्या चिमट्यासारखी ओळखीची वाटते. छोटा टिलवा जेमतेम पंचवीस ग्रॅम वजनाचा. तो उत्तर ध्रुवाजवळच्या उजाड प्रदेशात अंडी घालतो आणि थंडीत इथे येतो. नकाशावर ही वाट बोटाने काढायला सांगावी. नुसतं सांगून ते अंतर कोणाला कळत नाही.

इतकं झालं की रोहित. मुलांचे प्रश्न बहुधा ठरलेले असतात. गुडघा उलटा का वाकतो? तो गुडघा नाही, घोटा आहे. खरा गुडघा पिसांत वर झाकलेला असतो. चोच उलटी का? कारण तो डोकं उलटं करूनच जेवतो. जिभेने पाणी आत ओढायचं आणि बाहेर ढकलायचं. चोचीच्या कडांना असलेल्या बारीक पट्ट्यांत अन्न अडकतं. आपल्याकडे दोन जाती येतात. मोठा रोहित किडे, कोळंबी असं भरड अन्न गाळतो. छोट्या रोहितच्या पट्ट्या इतक्या बारीक की त्याला सूक्ष्म शैवालंच पुरतात. शिवडीला मुख्यतः हा छोटा असतो. गुलाबी रंग त्याच शैवालांतल्या रंगद्रव्यांमुळे येतो. पिल्लू राखाडी जन्मतं आणि रंग चढायला काही वर्षं लागतात. थव्यातले मळकट दिसणारे पक्षी आजारी नाहीत, लहान आहेत, हे शोधून काढायचं काम मुलांकडेच द्यावं. अंडी ते मुंबईत घालत नाहीत. कच्छच्या रणात चिखलाची बुटकी घरटी करून एकेकच अंडं घालतात. सलीम अली १९४५ साली त्या घरट्यांची वसाहत पाहायला रणात गेले होते.

पुढचा प्रश्न अवघड असतो, आणि तिथे कार्यक्रमाचा प्रामाणिकपणा कळतो. रोहित शिवडीला मोठ्या संख्येने दिसू लागले ते गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात. आधी का नव्हते? अभ्यासक जे कारण सांगतात ते गोड नाही. शहराचं सांडपाणी खाडीत जातं, त्यातल्या नत्र-स्फुरदावर शैवाल पोसतं, आणि शैवालावर छोटा रोहित. म्हणजे आपली घाण त्याचं अन्न वाढवते. मग घाण चांगली का? हा प्रश्न सातवीतलं मूल नक्की विचारतं, आणि शिक्षकाने तो टाळू नये. सांडपाणी एका पक्ष्याला तात्पुरतं फायद्याचं ठरलं तरी मासळी, कालवं आणि त्यावर पोट असलेली माणसं यांना ते मारक आहे. शिवाय विषारी द्रव्यं साचत गेली तर तो पक्षीही सुटत नाही. निसर्गात प्रत्येक गोष्टीला एकच निकाल नसतो, हे मुलांना समजतं. मोठ्यांना वाटतं त्याहून लवकर समजतं.

डोक्यावरून जाणारा अटल सेतूही दिसतोच. जवळजवळ बावीस किलोमीटरचा हा पूल १२ जानेवारी २०२४ ला खुला झाला आणि तो शिवडीच्या चिखलावरूनच निघतो. त्याच वर्षी मे महिन्यात घाटकोपरला विमानाच्या धडकेत तीसहून अधिक रोहित मेले. ठाणे खाडी रोहित अभयारण्य ऑगस्ट २०१५ मध्ये जाहीर झालं, सुमारे १,६९० हेक्टरचं, आणि २०२२ मध्ये खाडीला पाणथळ जागांसाठीचा रामसर दर्जा मिळाला. पण अभयारण्याची हद्द शिवडीपर्यंत येत नाही. पक्षी मात्र भरतीबरोबर खाडीभर फिरतात. नकाशावर हद्द काढून मुलांना दाखवावी आणि पुढे गप्प राहावं. ‘मग इथल्यांचं काय?’ हे त्यांच्याच तोंडून येतं.

गट कसा न्यावा याबद्दल थोडं. शंभर मुलं नेली तर कोणी काही पाहत नाही. तीस मुलं, सहा-सहांच्या टोळ्या, प्रत्येक टोळीला एक मोठं माणूस आणि शक्य तर एक दुर्बीण. चिखलात कोणीही उतरायचं नाही. तो वरून घट्ट दिसला तरी मांडीपर्यंत रुततो. जागा बंदराच्या हद्दीत असल्याने परवानगीची चौकशी आधी करावी. जेट्टीपर्यंत जाता येत नसेल तर १६८० साली बांधलेला शिवडीचा किल्ला जवळ आहे. तिथून पूर्वेचा किनारा दिसतो. प्यायचं पाणी, टोपी, आणि स्वच्छतागृह कुठे आहे ते आधी जाऊन पाहणं ही कामं क्षुल्लक नाहीत. मुलींच्या गटासाठी तर याच गोष्टीवर सहल निघते किंवा रद्द होते.

सगळ्यात कडक नियम एकच ठेवावा: थवा उडवायचा नाही. टाळ्या वाजवून पक्षी उडवले की फोटो चांगला येतो. पण चिखल उघडा असतो तेवढेच काही तास पक्ष्याला जेवायला मिळतात. प्रत्येक उड्डाणाने त्यातला वेळ आणि ताकद दोन्ही जातात. हे कारण सांगितलं की मुलं नियम पाळतात. कारणाशिवाय ‘गप्प बसा’ एवढंच सांगितलं तर दहा मिनिटं पाळतात. वहीत लिहायचं तेही थोडकं असावं. एक पक्षी निवडायचा, पाच मिनिटं फक्त त्याच्याकडे पाहायचं, त्याने किती वेळा चोच खुपसली ते मोजायचं आणि चित्र काढायचं. चाळीस पक्ष्यांच्या नावांची यादी उतरवून घेणं हा वेळेचा अपव्यय आहे.

हे सगळं मोठ्या प्रमाणावर होऊ शकतं का? हाँगकाँगचं माय पो बघावं. तिथेही खाडी, कांदळवन, स्थलांतरित पक्ष्यांचा चिखल, आणि पलीकडे उंच इमारतींचं शहर. डब्ल्यूडब्ल्यूएफ ही संस्था १९८३ पासून ती जागा सांभाळते. कांदळवनातून तरंगत्या फळ्यांची वाट काढली आहे आणि चिखलाच्या कडेला लपून बसायच्या खोल्या आहेत. शाळांचे गट तिथे ठरावीक अभ्यासक्रमानुसार जातात. शिवडीत यातलं काही उभारणं अशक्य नाही. एक आडोसा, दोन स्थिर दुर्बिणी, भरतीची वेळ लिहिलेला फलक आणि शिकवायला ठेवलेली दोन माणसं एवढ्याने सुरुवात होईल. त्यातलं एक माणूस शिवडी कोळीवाड्यातलं असावं असं मला मनापासून वाटतं. खाडीत चिंबोरी कुठे मिळते आणि मासळी कधी कमी झाली, हे सांगण्याचा त्याचा अधिकार कुठल्याही पदवीहून मोठा आहे.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला कुरणशाळा चालवली. गुरं राखणारी मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून शाळा कुरणात गेली. मुलाच्या दिवसाप्रमाणे शाळेने आपली वेळ वाकवायची, हे मराठी शिक्षणाने स्वतः शोधलेलं सूत्र आहे. शिवडीच्या खाडीसाठी नवं काही शोधायची गरज नाही; तीच वेळ इथे भरतीप्रमाणे वाकवायची.

शेवटी आग्रह एकाच गोष्टीचा. दरवर्षी नवा वर्ग एकदा नेण्यापेक्षा एकच वर्ग तीनदा न्यावा. ऑक्टोबरात, जेव्हा रोहित यायचे असतात आणि चिखलावर फक्त छोटे पक्षी असतात. जानेवारीत, जेव्हा थवे असतात. आणि पुढच्या जूनमध्ये, पहिल्या पावसात, जेव्हा बहुतेक थवे निघून गेलेले असतात. रिकामा चिखल पाहिलेल्या मुलालाच भरलेल्या चिखलाचा अर्थ कळतो. मलबार हिल किंवा ठाण्याच्या शाळेला असं तीनदा येणं जड जाईल. रे रोड, दारूखाना, कॉटन ग्रीन, शिवडी इथल्या महापालिका शाळांना ते लोकलच्या दोन स्थानकांच्या भाड्यात जमतं, म्हणून पहिला हक्क त्यांचा. या भागातल्या मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे: येत्या जूनमध्ये वार्षिक नियोजन लिहायला बसाल तेव्हा दिनदर्शिका जवळ घ्या आणि शाळेच्या वेळेला जुळणाऱ्या तिथ्यांचे तीन दिवस पाचवीच्या वर्गासाठी शिवडीच्या नावाने तेव्हाच राखून ठेवा.